साडेनऊचा पंजा

"साडू असशील घरी. इथे मी मॅनेजर आहे. बंदूक तुझ्या ताब्यात होती आणि तिला गंज चढलाय. उद्यापासून येऊ नकोस."

मित्रांनो, ज्या बंदुकीवरून हे भांडण चाललं होतं, ती मीच. मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. सोन्याच्या दुकानाच्या दारात वॉचमन मामांच्या खांद्यावर असते. ओरडत होता तो मॅनेजर. लहानपणी त्याच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर दारात चेमटून गेलं, म्हणून सगळी गल्ली त्याला साडेनऊ म्हणते. मामांची आणि त्याची बायको सख्ख्या बहिणी. तरी हा असा.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या नळ्यांवर निळसर काळी झाक होती. तो काही वरून फासलेला रंग नसतो. ती माझी कातडीच समजा. ती शाबूत तोवर गंजाची हिंमत होत नाही. मामा मला घरी जाण्याआधी तेलाच्या फडक्याने पुसायचे, घामाचा एक ठसा राहू द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकं म्हणायची, "मामा, तुमच्यापेक्षा हीच तरुण दिसते." मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मग मामांना नात झाली आणि ते रजेवर लेकीकडे गेले. तेवढ्यात साडेनऊने मला सरावाच्या मैदानावर नेलं. बार उडवले. नळ्या डाव्या मुठीत गच्च धरून, छाती फुगवून फोटो काढले. घामाने थबथबलेला हात होता त्याचा. नंतर ना पुसणं, ना नळीतून गज फिरवणं. तसंच ओलसर खोळीत कोंबलं आणि कपाट बंद.

आत काजळी ओल धरून बसली. बाहेर घामाचं मीठ माझी कातडी खात होतं. असली आग होत होती म्हणून सांगू! मी ठरवलं, याला सोडायचं नाही. मला हात नाहीत, तोंड नाही. गंज तर आहे. जिथे जिथे त्याची बोटं लागली होती, तिथे तिथे मी गंजू दिलं.

मामा रजेवरून परतले, कपाट उघडलं आणि ते सुरुवातीचं भांडण पेटलं. आवाज ऐकून दुकानाच्या मालकीणबाई आल्या. मामा एवढंच म्हणाले, "बाई, मी पुसून ठेवून गेलो होतो."

"मग भुताने गंजवली का?" साडेनऊ म्हणाला. "मी तर हिला हातसुद्धा लावला नाही."

म्हण, म्हण, अजून एकदा म्हण. मी वाटच बघत होते.

बाईंनी मला उजेडात धरलं. नळीवर तांबूस पट्टे होते. तीन लांब आणि शेवटचा आखूड, थोटा. बाईंनी पट्ट्यांवर स्वतःचं एकेक बोट ठेवून पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "मॅनेजर, तुमचा डावा हात ठेवा बरं इथे."

त्याने हात खिशात घातला. आता खिशात घालून काय उपयोग?

मामांची नोकरी राहिली. मला साफ करायचं काम बाईंनी साडेनऊवर टाकलं, सगळ्यांसमोर. गजाला चिंधी गुंडाळून तो नळीत घालतो, ती काळी निघते. पुन्हा घालतो, पुन्हा काळी. त्याच्या पांढऱ्या शर्टाची बाही मी मुद्दाम बरबटवते. मामा स्टुलावर बसून म्हणतात, "साडूभाऊ, जोर लावा. घरी भांडी घासता तसा." गंज निघाला, पण तिथली काळी झाक गेली ती गेलीच. त्याचा पंजा नळीवर उमटून राहिलाय. गिऱ्हाइकं विचारतात आणि मामा सांगतात. मला माफबिफ करायचं नाहीये.

मित्रांनो, बंदुकीला तुम्ही हात लावू नका, ते तुमचं काम नाही. पण तुमची सायकल असेल, कात्री असेल, ओल्या हाताने वापरून तशीच फेकू नका. लोखंड सगळं लक्षात ठेवतं. आणि वापरून झाल्यावर "मी नाही हात लावला" असं तर...

थांबा, कपाटाची किल्ली वाजली. साडेनऊ आलाय, आज नवा शर्ट घालून. मला निघायला हवं.