जावईबापूंचा दिवाळसण आणि मागच्या तळ्यातला बास

आमच्या घराण्यात जावयाची पहिली दिवाळी सासुरवाडीलाच होते. यात कुणाचे मत विचारण्याची पद्धत नाही. म्हणूनच नातजावई देवांगराव जेवताना मान खाली घालून जेव्हा म्हणाले, की नेमक्या दिवाळीच्याच शनिवारी मोठ्या तलावावर त्यांची मासेमारीची टूर्नामेंट आहे, तेव्हा माझ्या हातातला डाव वरणातच राहिला.

नात आश्लेषा नवऱ्याकडे न पाहता कोशिंबीर ढवळत बसली. सूनबाई हिमानीने हळूच सुचवले, की इथे अमेरिकेत, आपल्या मॉरिसव्हिलमध्ये हल्ली बरेच जण दिवाळी पुढच्या वीकेंडलाही करतात. मी तिच्याकडे पाहिले. ती पापड आणायला उठली.

देवांगराव ओहायोतल्या डब्लिनला जन्मले आणि वाढले. मुलगा गुणी आहे, वडीलधाऱ्यांपुढे नम्र आहे. खोड एकच, बास नावाचा मासा. तो मोठ्या कष्टाने पकडायचा, त्याच्याबरोबर फोटो काढून घ्यायचा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. आम्ही मूळचे कोकण किनाऱ्यावरच्या चौलकडचे. हाती आलेला मासा सोडून देणे म्हणजे मांडवात आलेली वरात परत पाठवणे.

मासा धरण्यात एवढे काय कठीण आहे, असे मी विचारले. त्यांनी फार समजुतीने सांगितले, की आजी, ती एक विद्या आहे. त्यांचा तो समजुतीचा सूर मला मानवला नाही. मी तिथल्या तिथे पैज जाहीर केली. उद्या सूर्य मावळण्यापूर्वी घरामागच्या तळ्यातून मी बास बाहेर काढीन, आणि दुसऱ्या कुणाचाही हात लागणार नाही. निघाला, तर दिवाळसण माझ्या घरी. न निघाला, तर त्यांनी खुशाल टूर्नामेंटला जावे, मी चकार शब्द काढणार नाही. या शेवटच्या अटीवर आश्लेषाला ठसका लागला.

“आजी, दॅट पाँड इज होपलेस,” देवांगराव म्हणाले. “तिथे मलासुद्धा कधी काही मिळालं नाही.”

ते खोटे बोलत नव्हते. तळे गुडघाभर खोल, रंग दुधाच्या चहासारखा. काठाला झुडूप नाही, पाण्यात बुडालेला ओंडका नाही, कुठे सावली नाही. माशाला दबा धरायला जागा नाही आणि गढूळ पाण्यात त्याला आमिष दिसत नाही.

रात्रभर मी विचार केला. ज्याला दिसत नाही, त्याला ऐकू येत असणार. आणि उघड्या अंगणातून मांजर जाते, तेव्हा भिंतीच्या कडेकडेनेच जाते. सकाळी मी आश्लेषाच्या नाचाच्या चाळातला एक घुंगरू काढला आणि देवांगरावांकडून आमिष म्हणून घेतलेल्या काळ्या रबरी किड्याच्या वरच्या बाजूला दोऱ्यात ओवला.

दुपारी नऊवारीचा काष्टा घट्ट करून, मुलाचे रबरी बूट घालून मी तळ्याच्या काठी उभी राहिले. आमिष कसे भिरकवायचे, ते देवांगरावांनी दाखवले. पहिल्या खेपेला मी माझाच पदर पकडला. दुसऱ्या खेपेला हिमानीची खुर्ची. हिमानी खुर्चीत होती. आश्लेषा गवतावर लोळून हसू लागली आणि मलाही हसू आवरेना, तरी मी चेहरा गंभीर ठेवला.

मग मी तळ्याच्या मध्याचा नाद सोडला. काठाला लागून, पावसाचे पाणी येते त्या सिमेंटच्या पाइपाच्या तोंडाशी गळ टाकला आणि सावकाश ओढू लागले. घुंगरू तळाच्या दगडांवर खुळखुळत होता. ऊन उतरत चालले. पाइपाजवळ चिखल एकदम उसळला आणि गळाची काठी धनुष्यासारखी वाकली.

काय ताकद होती त्या प्राण्याची! मी मागे रेलले, तो पुढे गेला. मी त्याला चौलच्या भाषेत दोन शब्द सुनावले, जे इथे लिहिण्यासारखे नाहीत. तो काठाशी आला, हिरवट, जाडजूड, एवढा मोठा जबडा उघडून. मी वाकले, बूट चिखलात रुतला आणि मी नऊवारीसकट पाण्यात बसले.

लग्न झाल्यापासून या जावयाला मी आमच्या घरी पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिलेला नाही. जावयाला कामाला लावायचे नसते. तेच जावईबापू पँटसकट चिखलात उतरले, एका हाताने मला धरले आणि दुसऱ्या हाताने माशाचा खालचा ओठ.

“आजी जिंकली!” आश्लेषा ओरडली. फोटो निघाले. त्यात कोण कुणाला धरून आहे, ते आजही सांगता येत नाही.

मासा पाण्यात परत गेला. मी चिखलातच बसून होते आणि पोट दुखेपर्यंत हसत होते. हसू ओसरल्यावर म्हटले, “दुसऱ्याचा हात लागला. पैज मी हरले. जावईबापू, तुम्ही टूर्नामेंटला जायचं.”

“आजी, असं काय गं!” आश्लेषा म्हणाली.

“शब्द म्हणजे शब्द.”

देवांगराव माझ्या शेजारी चिखलात बसले. दिवाळसणाला जावई रुसतो आणि मागेल ते त्याला द्यावे लागते, हे खरे का, असे त्यांनी विचारले. मी खरे म्हणून सांगितले.

“मग मी आत्ताच रुसलो. टूर्नामेंट जोडीची आहे, आणि माझा पार्टनर अजून ठरलेला नाही. मला बोटीत आजी पाहिजे.”

रुसलेल्या जावयाला नकार देणे आमच्या घराण्यात बसत नाही. पण पहिली दिवाळी सासुरवाडीबाहेर, हेही बसत नाही.

“मी जिथे पाट मांडीन, तिथे सासुरवाडी,” मी निर्णय दिला.

मग तिथूनच आज्ञा सोडल्या. तलावाजवळ स्वयंपाकघर असलेली खोली घ्यायची. उटणे, तेल, रांगोळी बरोबर. चकल्या इथूनच तळून. पहाटे अभ्यंगस्नान, औक्षण, फराळ, आणि उजाडायच्या आत सगळे धक्क्यावर हजर. हिमानी फोनवर खोल्या शोधू लागली. देवांगरावांनी अदबीने विचारले, की आजी पाट बोटीतही नेणार का, कारण बोट लहान आहे.

मी म्हटले, “मोठी बोट बघा.”