चाळिसाव्या पानावरचे ठिपके

"परत चाळीसच," ग्लेनिस माझ्या कानाशी पुटपुटली. "धूळ पुसायच्या निमित्तानं त्याच्या मागून दोनदा जाऊन आले मी. हे सहावं पुस्तक. उघडतो, चाळिसावं पान बघतो, ठेवून देतो."

"हळू बोल की बाई. तुझं कुजबुजणं लोकरीच्या कोठारापर्यंत ऐकू जातं."

"मी सांगते तुला नोला, इथं कुठंतरी पाणी मुरतंय."

रेग डॅनहर आमच्याकडे पाठ करून कपाटासमोर उभा होता. टोपी काखेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. उभ्या जन्मात या माणसानं कुंपणाची तार आणि खांब सोडून कशाकडे इतकं निरखून बघितलं नसेल. शाळेत तो माझ्या थोरल्या भावाच्या वर्गात होता, तेव्हापासून मी त्याला ओळखते. पुस्तक म्हटलं की तो पळ काढायचा. त्याची बायको आयव्ही दर मंगळवारी पुस्तकं बदलायला यायची, तेव्हा हा बाहेर, मिऱ्यांसारखी लाल फळं लागणाऱ्या मिरीच्या झाडाखाली गाडीत बसून राहायचा आणि पंधरा मिनिटं झाली की हॉर्न मारायचा. आयव्ही मुद्दाम आणखी दहा मिनिटं लावायची.

आयव्ही मागच्या थंडीत गेली. आणि ती गेल्यावर दोनच महिन्यांनी रेग आत यायला लागला.

आता कुणीही म्हणेल, बिचारा एकटा पडला, मन रमवायला येत असेल. मीही आधी तेच म्हटलं. पण मन रमवायला आलेला माणूस चार प्रकारची पुस्तकं चाळतो. हा फक्त कुत्र्यांच्या गोष्टींच्या कपाटाशी. धनगराचा कुत्रा, बर्फातला कुत्रा, लढाईवर गेलेला कुत्रा. तेही नवीन नको, जुनी, जाड पुठ्ठ्याची, रंगीत चित्रांची. महिन्याकाठी एखादं घरी न्यायचा, तेही मला दिखाव्यापुरतंच वाटायचं. आणि असे काही महिने गेल्यावर जिल्ह्याच्या मुख्य ग्रंथालयाकडून पत्र आलं होतं. गावोगावच्या वाचनालयांतून जुन्या पुस्तकांतली रंगीत चित्रं पात्यानं कापून नेली जात आहेत, सावध राहा. एक जण आधी येऊन पुस्तकांवर खुणा करून जातो, असा संशय आहे. मग दुसरा येऊन हात साफ करतो.

ते पत्र मी तीनदा वाचलं. सत्तावीस वर्षं हे वाचनालय मी सांभाळतेय, मदतीला ग्लेनिस. एक खोली, बाजूला गावाचं सभागृह, मधे एक दार. मुख्य ग्रंथालयाला आमची खोली बंद करायला निमित्तच हवं होतं. फाटकी पुस्तकं सापडली असती तर एका सहीचं काम होतं. मग आमच्या बुरांडी गावची माणसं वाचायला कुठं गेली असती, आणि मी तरी कुठं गेले असते?

रेग गेल्यावर आम्ही दोघींनी ते कपाट उपसलं. एकही चित्र गेलेलं नव्हतं. पण चाळिसाव्या पानावर, खाली आकड्याशेजारी, पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. काही पुस्तकांत तीन, काहींत दोन.

आता एक सांगायला हवं. आमच्याकडे पुस्तकावर खूण करणं हा काही गुन्हा नाही. म्हणजे नियमानं आहे, पण नियम बनवणारे बुरांडीत राहत नाहीत. वय झालं की हे पुस्तक वाचलंय की नाही ते आठवत नाही, म्हणून प्रत्येक म्हातारं माणूस आपली एक खूण ठरवतं. ग्लेनिस सातव्या पानावर बरोबरची खूण करते. माझी कुठं आहे ते मी सांगणार नाही. आणि दुसऱ्याची खूण कुणाची, हे विचारायचं नाही. एखाद्याच्या घरी जाऊन त्याचं कपड्यांचं कपाट उघडण्यासारखं आहे ते. बहुतेकींच्या खुणा मला सवयीनं माहीत होत्या. हे ठिपके मात्र माझ्या कधी लक्षात आले नव्हते, कारण कुत्र्यांच्या गोष्टी मी वाचतच नाही. मांजरं पाळणारी बाई मी.

"तीन ठिपके म्हणजे भारी चित्रं," ग्लेनिस ठामपणे म्हणाली. "दोन म्हणजे साधी."

"तू काय त्यांच्या टोळीत होतीस?"

"हस तू. उद्या चित्रं गेली की रडशील."

मी हसले खरी, पण शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्या शनिवारी दुपारी सभागृहात सिनेमा होता. महिन्यातून एकदा बसनं रिळांचा डबा यायचा आणि ग्लेनिसचा नवरा कीथ तो लावायचा. सगळ्यांनी घरून खायला काहीतरी आणायचं, चहा वाचनालयाचा. सिनेमाही नेमका कुत्र्याचा. पुराच्या पाण्यात अडकलेला कळप आणि त्यांच्यामागे धावणारा एक म्हातारा कुत्रा. अर्ध्या गावाच्या अंगणात तसलाच कुत्रा बांधलेला, त्यामुळे सगळे रंगून गेले होते. "अरे डावीकडून घे त्यांना, गाढवा!" असं कुणीतरी पडद्यावरच्या कुत्र्यालाच ओरडलं.

माझं लक्ष रेगवर. तो शेवटच्या रांगेत, दाराजवळ. कुत्र्यानं नदीत उडी घेतली आणि रेग उठला. संपायला दहा मिनिटं होती. असा मधेच उठून जायची त्याची सवय मला आठवली. पूर्वी दोघं जायची, तो आणि आयव्ही. आता सगळं गाव अंधारात पडद्याकडे बघत असताना हा एकटा बाहेर, आणि बाहेरच्या ओट्यावर वाचनालयाची खिडकी!

मी हळूच मागोमाग गेले. रेग पाण्याच्या टाकीजवळ उभा होता, खिडकीपासून दोन हातांवर. मला बघून दचकला.

"काय रे, इथं काय करतोयस?"

"हवा खातोय."

"आत पंखे आहेत की."

"आहेत," तो म्हणाला. मग उगाच टाकीचा नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं. डोळे लाल होते. मी म्हटलं, बघा, चोराचं तोंड कसं होतं ते. देवाशपथ, तेव्हा मला तेवढंच सुचलं.

सोमवारी वाचनालय बंद असतं. मी एकटी गेले, दार लावून घेतलं आणि मऊ रबर घेऊन बसले. खुणाच राहिल्या नाहीत तर येणारा दुसरा माणूस कापेल काय, कपाळ? त्रेचाळीस पुस्तकं. एकेक ठिपका मी असा पुसला, की कागदाला चरासुद्धा उरला नाही. पुसण्यात माझा हात धरणारं जिल्ह्यात कुणी नाही. घरी जाताना मला अगदी गड जिंकल्यासारखं वाटत होतं, कशाला खोटं बोलू?

मंगळवारी दहाला रेग आला. टोपी काखेत घातली, चष्मा चढवला. पहिलं पुस्तक काढलं, पान उघडलं, थांबला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. दुसरं काढलं. तिसरं खिडकीपाशी उजेडात नेलं, तिरकं धरून बघितलं. ग्लेनिस मला कोपरानं ढोसत होती. मी हाताची घडी घालून उभी. सात पुस्तकं झाली, आठ झाली. मग तो नुसताच उभा राहिला, पान उघडं ठेवून.

"नोला," तो वळून म्हणाला. "इथं काहीतरी होतं. कुणी पुसलं?"

"मी," मी म्हटलं. चांगलं ठणकावून म्हटलं. "आता तूच सांग, कशाला होत्या त्या खुणा?"

तो बोटानं त्या पानाचा कोपरा गुळगुळीत करत राहिला.

"आयव्हीच्या होत्या," तो म्हणाला.

ग्लेनिसचं कोपर माझ्या बरगडीशी तसंच राहिलं.

"तिला कुत्रा मेलेला सोसायचा नाही," रेग सांगत होता, माझ्याकडे न बघता. "आणि वाचायच्या तर कुत्र्याच्याच गोष्टी. म्हणून आधी शेवट बघायची. जगत असला तर तीन ठिपके, मरत असला तर दोन. तीनवाली घरी आणायची आणि मला मोठ्यानं वाचून दाखवायची. मला कुठं वाचायला येतंय धड? आता शिकतोय हळूहळू. महिन्याला एक होतं."

"आणि सिनेमा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्याचं ती आधीच कीथला विचारून ठेवायची. मरणार असला की वेळेवर माझी बाही ओढायची, आम्ही उठायचो. आता ओढायला कुणी नाही ना. अंदाजानं उठतो." आता त्यानं माझ्याकडे बघितलं. "शनिवारचा वाचला का गं?"

"वाचला रे," मी म्हटलं. "शेवटी चालत घरी येतो."

"बघ," तो म्हणाला. "उगाच उठलो."

मी ओक्साबोक्शी रडले नाही, पण रडले असते तर बरं झालं असतं. मी खण उघडला, पेन्सिल काढली. म्हटलं, "रेग, मी सगळी पुस्तकं वाचून काढते. एकूण एक. परत ठिपके देते. चुकणार नाही."

"ते कळलं गं मला," तो म्हणाला. रागानं नाही. रागावला असता तर मला कुठंतरी तोंड लपवता आलं असतं. "पण ते तुझे होतील ना."

त्यानं आठही पुस्तकं एकेक करून जागच्या जागी लावली, टोपी घातली आणि गेला.

नंतर मुख्य ग्रंथालयाचं दुसरं पत्र आलं. चित्रं कापणारा सापडला होता, आमच्यापासून चारशे किलोमीटरवर. एकटाच होता आणि खुणाबिणा काही करत नव्हता. ग्लेनिसनं ते पत्र वाचलं आणि घडी घालून माझ्यासमोर ठेवलं. मी ते फाडून टाकलं.

तीन आठवडे रेग आला नाही. मी दर मंगळवारी मिरीच्या झाडाकडे बघायची. चौथ्या मंगळवारी त्याची गाडी दिसली. त्याचा कुत्रा टार पुढच्या सीटवर, मालकासारखा. आयव्ही असताना टारची जागा मागे, उघड्या हौद्यात. ती गेल्यापासून तो पुढे, तिच्या जागेवर येऊन बसलेला.

रेगनं माझ्यासमोर एक पुस्तक ठेवलं. निळ्या पुठ्ठ्याचं, कडेनं झिजलेलं.

"हे माझ्याकडे होतं," तो म्हणाला. "मुदत केव्हाच टळली. विसरलो."

कपाट उपसलं तेव्हा आम्ही नोंदी बघितल्याच नव्हत्या. मी उघडायला गेले, तर त्यानंच पान काढून दाखवलं. चाळिसावं. आकड्याशेजारी ठिपके. एकमेकांना चिकटून, किंचित तिरपे, घाईत दिलेले.

दोन.

"दोन आहेत रे," मी म्हटलं.

"हो. मला जमणारी तीनवाली तेव्हा संपली होती. म्हटलं, एकदा दोनचं बघू, काय होतं ते. नेलं, पण उघडवलं नाही. तसंच टेबलावर होतं." त्यानं पुस्तक मिटलं. "मुदत वाढवून मिळेल का?"

नियमानं मुदत दोनदा वाढवता येते. मी शिक्का उचलला आणि मारला.

याला आता सहा वर्षं झाली. सिनेमाचा डबा येतो तेव्हा कीथ आदल्या दुपारी एकदा लावून बघतो, मी शेजारी जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी दाराशी चहा देताना रेगला तीन बोटं दाखवते, नाहीतर दोन. तीन दाखवली की तो शेवटपर्यंत बसतो. कुत्र्यांच्या गोष्टीही मी वाचून काढल्या, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस. रेग आता नवी पुस्तकं आणली की विचारतो, मी सांगते. पेन्सिलीला मात्र हात लावत नाही.

आणि एका मंगळवाराआड तो ते निळं पुस्तक घेऊन येतो. तारखांचा कागद भरला की मी वर नवा चिकटवते. चौथा चालू आहे. मागच्या वेळी मी न राहवून विचारलं, "वाचलंस का रे कधी?"

"छे," तो म्हणाला. "त्यात मरतो ना."

मी शिक्का मारला. तो पुस्तक छातीशी धरून बाहेर गेला. मी खिडकीतून बघत होते. त्यानं गाडीचं दार उघडलं, टारला काहीतरी म्हणाला. टार नाखुशीनं उतरला, मागे जाऊन चढला. रेगनं पुढची सीट हातानं झाडली, त्यावर पुस्तक ठेवलं आणि दार हळू लावून घेतलं.