सासरेबुवांचं घड्याळ आणि जावयाचे कंस

सासऱ्यांच्याच कंपनीत जावयाने प्रोग्रामर म्हणून नोकरी करू नये. पण हे कंसरावांना सांगणार कोण? हे नावही त्यांना ऑफिसानेच दिलेलं. स्कीम नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहायचा म्हणजे ओळीओळीला कंस, आणि स्वारी त्या भाषेच्या आकंठ प्रेमात!

प्रोग्रामचे सुटे भाग जुळवून तयार सॉफ्टवेअर बांधणारा बिल्ड सासरेबुवांनी तरुणपणी स्वतः लिहिला होता. एक अक्षर बदललं तरी तो सगळं पहिल्यापासून बांधायला घ्यायचा. तोवर लोकांचा चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, भांडणंसुद्धा मिटायची. कंसरावांनी तो स्कीममध्ये नव्याने लिहिला. आता प्रत्येक भाग शेवटचा कधी बदलला ती वेळ बघायची आणि तयार मालापेक्षा जो नवा असेल तेवढाच बांधायचा.

"चालला तर ठेवू," सासरेबुवा म्हणाले. "नाही चालला तर सोमवारपासून गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे फोन तुमच्याकडे, जावईबापू."

फोनवर बोलायचं म्हटलं की कंसरावांना घाम फुटायचा.

सगळं ऑफिस जमलं. कंसरावांनी आधी सर्व्हरवर, म्हणजे ऑफिसच्या मुख्य संगणकावर, सगळा माल एकदा बांधून दाखवला. मग सासरेबुवांनी फर्मावलं, "ते लाल बटण हिरवं करा."

बदल केला, बिल्ड चालवला. पडद्यावर उमटलं, 'नवीन काहीच नाही.' बटण लालच. पुन्हा चालवला, पुन्हा तेच.

"वा! काम न करण्यात तरबेज आहे हो तुमचा बिल्ड," सासरेबुवा म्हणाले. हशा पिकला. कंसरावांचं तोंड बटणाहून लाल झालं. जेवणानंतर शेवटची संधी मिळाली.

"चल, जेवून घेऊ," ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बायकोला म्हणाले. ती तिथेच टेस्टर होती. "एक वाजला."

"कुठे वाजलाय? बाबांचं घड्याळ ना ते? दहा मिनिटं वजा कर. लोक वेळेवर यावेत म्हणून बाबा सगळी घड्याळं पुढे ठेवतात. घरातली, गाडीतलं, इथलं. आम्ही सगळेच वजा करतो. त्यांना वाटतं, कुणाला कळत नाही."

"अगं, आणि सर्व्हरचं?"

तिने जीभ चावली.

कंसराव ताडकन उठले. तयार मालावर सर्व्हरची पुढची वेळ पडत होती, आणि त्यांच्या स्वतःच्या संगणकावर आत्ता केलेला बदल त्यापुढे शिळा दिसत होता. जुना बिल्ड वेळ बघतच नव्हता, म्हणून इतकी वर्षं हे बिंग फुटलं नव्हतं. पण सासऱ्यांना चारचौघांत 'तुमचं घड्याळ चुकतंय' म्हणायचं? छे! त्यांनी गुपचूप एक ओळ घातली. सर्व्हरच्या वेळेतून दहा मिनिटं वजा.

जेवणानंतर बटण चुटकीसरशी हिरवं झालं. टाळ्या पडल्या. सासरेबुवांनी चष्मा चढवून प्रोग्राम वाचला.

"हे दहा कसले वजा केलेत?"

"घरची पद्धत आहे, बाबा."

बायको छताकडे बघू लागली. सासरेबुवांनी ऑफिसभर नजर फिरवली, तशा एकेक माना खाली गेल्या.

"अच्छा! म्हणजे सगळेच सामील," ते म्हणाले. "बरं. बिल्ड ठेवा तुमचा."

कंसराव हवेत तरंगतच घरी गेले.

सोमवारी संध्याकाळी घड्याळात सुटायचे सहा वाजले, तरी कुणी उठेना. सगळ्यांनी सवयीने मनातल्या मनात दहा वजा केले आणि मुकाट काम करत राहिले. नवा बिल्डही दहा वजा करून बांधलेलं बटण पुन्हा पुन्हा बांधत बसला होता.

सासरेबुवा मात्र डबा उचलून दाराकडे निघाले. रविवारी येऊन त्यांनी सर्व्हरसकट सगळी घड्याळं बरोबर लावून ठेवली होती.