भोपळ्याचं तेज

भर दुपारी सभागृहाचे पडदे ओढून आत अंधार केला होता आणि त्या अंधारात माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत जागा धरत होती. मागचे खुर्च्यांवर चढले होते, पुढचे जमिनीवर दाटीवाटीने बसले होते. प्रोजेक्टर घरघरला आणि समोरच्या भिंतीवर एका मुलीचा चेहरा उमटला. चेहरा कसला, तव्याचं बूड! डोळे कुठे आणि नाक कुठे हेही धड कळेना.

"ग्रहण!" तेजोबाबांनी हवेत बोट नाचवलं. "ही पोर माझ्याकडे आली तेव्हा हिच्या तेजाला असं ग्रहण लागलं होतं. आता उपचारानंतर बघा."

खट्कन दुसरी स्लाइड आली. तीच मुलगी, तीच वेणी, तेच कानातले, पण चेहरा असा उजळलेला की कपाळ आणि गाल जणू आतूनच पेटले होते. लोकांनी तोंडात बोटं घातली. कुणीतरी हुंदका दिला.

"हे मी केलं का? नाही! फोटोग्राफरने केलं का? नाही! कॅमेरा ऑटोवर आहे, मंडळी, ऑटोवर! ऑटो म्हणजे काय? ऑटो म्हणजे निष्काम कर्म! बोट माणसाचं, निर्णय यंत्राचा. फिल्म धुवायला परगावच्या लॅबमध्ये जाते, पाकीट सीलबंद येतं. माणूस खोटं बोलेल, यंत्र बोलेल का?"

"नाही!" सभागृह एका सुरात म्हणालं.

ऑटो म्हणजे निष्काम कर्म, हा अर्थ कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या कुठल्याही माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. पण बाबांचा आवाज खणखणीत होता आणि अंधारात खणखणीत आवाजाला फारसं कुणी अडवत नाही.

हुंदका दिला होता तो स्टुडिओवालीने. चौकातला फोटो स्टुडिओ तिचा आणि तिच्या नवऱ्याचा. फोटो तो काढायचा. डाग पुसणं, सुरकुत्या सौम्य करणं, जुन्या फोटोंत रंग भरणं हे तिचं काम. बाबांच्या नादाला ती कधी लागली नव्हती. उलट बाबा शहरात आल्यापासून ती त्यांना 'ट्यूबलाइट' म्हणायची. आज आली होती ती केवळ भिंतीवर झळकणारी मुलगी तिची धाकटी बहीण होती म्हणून. धाकटी त्यांच्याकडेच राहायची आणि तिला लहानपणापासून फिट्स यायच्या. रोजच्या गोळ्यांवर ती ठीक होती, वाचनालयात नोकरी करत होती, पण 'आजारी मुलगी' हा शिक्का काही पुसला जात नव्हता. धाकटीच्या या ताईने आज भिंतीवर आपल्या बहिणीला पहिल्यांदाच निरोगी पाहिलं आणि तिचा सगळा शहाणपणा डोळ्यांतून वाहून गेला.

प्रोजेक्टर तिचा नवरा चालवत होता. बाबांना रोल पुरवणं, ते लॅबला पाठवणं, स्लाइड दाखवणं, एवढंच आपलं काम, असं त्याने घरी सांगितलं होतं. बाबांची मंडळी त्याला 'यंत्रऋषी' म्हणत. ज्या माणसाला आयुष्यभर "जरा लवकर काढा हो फोटो" याखेरीज कुणी काही म्हटलं नव्हतं, त्याला आता लोक वाकून नमस्कार करत होते.

घरी आल्यावर तिने त्याला विचारलं, "खरं सांग, हे कसं होतं?"

"मलाही कळत नाही," तो जेवता जेवता म्हणाला. "कॅमेरा ऑटोवर असतो. मी हातसुद्धा लावत नाही."

"पण काहीतरी..."

"अगं, काही गोष्टी असतात आपल्या समजेपलीकडच्या."

ज्या माणसाने तिला कॅमेरा शिकवला तोच असं म्हणाला, तेव्हा तिने मान्य केलं. नवऱ्यावर विश्वास ठेवायला काही पुरावा लागत नाही, असं तिला तेव्हा वाटत होतं.

बाबांनी धाकटीला सांगितलं होतं, "आतला दिवा लागलाय. आता गोळ्यांचा धूर कशाला?" धाकटीने गोळ्या सोडल्या. ताटाशेजारची गोळ्यांची डबी भरलेलीच राहू लागली. ताई रागावली, समजावून थकली. नवरा शेजारी बसून मुकाट्याने जेवत राहिला.

आणि मग धाकटी वाचनालयात, वरच्या फळीवर पुस्तकं लावताना फिट येऊन स्टुलावरून पडली. भररस्त्यात पडली असती तर काय झालं असतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही, पण त्या ज्या तऱ्हेने बोलायच्या थांबल्या त्यावरून दोघी बहिणींना ते कळलं. कपाळाला टाके पडले.

"गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

धाकटीने पर्समधून पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या दोन स्लाइड काढल्या. "हे बघा ना डॉक्टर, मी बरी झाले होते. आता पुन्हा ग्रहण लागलं असेल. बाबांना दाखवायला हवं."

डॉक्टरीणबाईंना त्यात काही कळलं नाही. स्टुडिओवालीने स्लाइड हातात घेतल्या आणि दवाखान्याच्या खिडकीपाशी उजेडात धरल्या. आज चेहरा भिंतीएवढा नव्हता, नखाएवढा होता. म्हणून असेल, तिची नजर पहिल्यांदाच चेहऱ्याच्या मागे गेली.

बाबांचा विधी सगळ्यांना ठाऊक होता. तपासणीचा फोटो पांढऱ्या पडद्यासमोर, कारण 'पांढरा रोगाला बाहेर ओढतो'. उपचारानंतरचा काळ्या पडद्यासमोर, कारण 'काळा तेज सांडू देत नाही'. तिने एक स्लाइड पाहिली, दुसरी पाहिली. मग दोन्ही शेजारी धरल्या. पांढरा पडदा राखाडी आला होता. काळा पडदाही राखाडी आला होता. दोन्ही सारखेच राखाडी.

आणि त्या पांढऱ्याच्या कोपऱ्यात एक चौकोनी ठिगळ होतं. ते तिनेच लावलेलं होतं. लग्नात आलेल्या जोडीतली ती चादर होती, इस्त्रीने जळलेली, आणि धोब्याकडून हरवली असं नवऱ्याने तिला सांगितलं होतं.

तिथे उभ्या उभ्या तिला लग्नानंतरचे दिवस आठवले. पांढऱ्याशुभ्र भिंतीसमोर तिने काढलेले फोटो काळवंडून आले म्हणून ती रडकुंडीला आली होती, तेव्हा तो हसून म्हणाला होता, "अगं, या कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर खुळा आहे. त्याला वाटतं जग राखाडी असतं. समोर खूप पांढरं आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, तो फिल्मवर उजेड कमी पाडतो, माणूस काळा. खूप काळं आलं की त्याला वाटतं अंधार आहे, तो भसाभस उजेड आत सोडतो, माणूस पांढराफटक. म्हणून अशा वेळी ऑटो सोडायचं, मॅन्युअलवर यायचं, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते आपण ठरवायचं, आणि आपल्या तळहातावरून उजेड मोजायचा." मग त्याने तिचाच तळहात धरून तिला ते शिकवलं होतं. बाबांनी अख्ख्या शहराला विकलेला चमत्कार हाच होता.

संध्याकाळी तिने स्लाइड त्याच्यासमोर टेबलावर ठेवल्या.

"चादर आपली आहे," ती म्हणाली.

त्याने पाहिलं. नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. "बसायची जागा मी ठरवून दिली," तो म्हणाला. "पडदे मी लावले. बाकी मी काही केलं नाही. आणि यात नुकसान कुणाचं आहे? लोक आपल्याकडे काय मागतात? चांगले दिसू द्या, एवढंच ना? तू नाही का सुरकुत्या पुसत?"

"मी सुरकुत्या पुसते. कुणाच्या गोळ्या पुसत नाही."

"मला वाटलं ती घेत असेल गुपचूप."

"भरलेली डबी रोज तुझ्या ताटाशेजारी असायची! तू तिच्या शेजारी बसून जेवत होतास. मी तुला तोंडावर विचारलं, आणि तू मला म्हणालास, समजेपलीकडचं आहे. मला म्हणालास. मला!"

त्याने दोन्ही स्लाइड पालथ्या घातल्या. तिला धाकटीच्या टाक्यांपेक्षाही त्या पालथ्या घालण्याचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली, कारण त्या उजळलेल्या चेहऱ्यासाठी तिनेही हुंदका दिला होता.

धाकटीला तिने सगळं समजावलं. धाकटी म्हणाली, "ताई, पहिल्यापासून तुला बाबा आवडत नाहीत. भाऊजींना तुझ्यापेक्षा जास्त कळतं कॅमेऱ्यातलं. तसं असतं तर ते बोलले नसते का?"

ताई उठली. तिने स्वयंपाकघरातला एक मध्यम आकाराचा भोपळा उचलला, जोडीतली दुसरी चादर घेतली, स्टुडिओतली काळी मखमल घेतली आणि माळ्यावरचा जुना कॅमेरा काढला. रोल तिने स्वतः लॅबला पाठवला.

पुढच्या मेळाव्याला ती धाकटीला घेऊन पहिल्या रांगेत बसली. बाबा रंगात आले होते. ऑटोचं निष्काम कर्म झालं, यंत्राचं सत्यवचन झालं, "आता बघा एका दुःखी जिवाचं ग्रहण," असं म्हणून त्यांनी हात वर केला. तेवढ्यात स्टुडिओवाली उठली, प्रोजेक्टरपाशी गेली आणि तिने आपली स्लाइड आत सरकवली.

भिंतीवर भोपळा उमटला. काळाकुट्ट.

"ग्रहण!" ती मोठ्याने म्हणाली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तिने दुसरी स्लाइड सरकवली. तोच भोपळा, तोच देठ, पण असा झगमगीत की नुकताच त्याला साक्षात्कार झाला असावा. "आणि हा उपचारानंतर. उपचार काहीच नाही. फक्त मागचा पडदा बदलला!"

सभागृह हसायला लागलं. नवरा तिच्या कानाशी पुटपुटला, "घरी बोलू."

"घरी बोललो होतो आपण," ती म्हणाली.

त्याने वाकून प्रोजेक्टरची पिन काढली. भिंत काळी झाली. आत्तापर्यंत कुठेतरी तिला वाटत होतं की ऐन वेळी तो आपल्या बाजूला उभा राहील. तिने खिडकीचा पडदा खस्सकन ओढला. दुपारचं ऊन आत आलं, लोक डोळे चोळू लागले.

"हातात घ्या," तिने भोपळ्याच्या आणि धाकटीच्या स्लाइड पहिल्या रांगेत दिल्या. "उजेडात धरा. चेहरा बघू नका. मागचा पडदा बघा."

स्लाइड या हातातून त्या हातात फिरू लागल्या. एका म्हाताऱ्या शिंप्याने चष्मा कपाळावर चढवला. "यात पांढरी चादर कुठली आणि काळी कुठली? दोन्ही राखेच्या रंगाच्या!"

"बरोबर. कॅमेऱ्यातला मीटर समोरचा सगळा उजेड गोळा करतो आणि त्याचं राखाडी करून टाकतो. पांढऱ्याचं राखाडी करताना माणूस काळवंडतो, काळ्याचं राखाडी करताना उजळतो. ऑटोवर ठेवलं की हे होणारच, माणूस आजारी असो, धडधाकट असो की भोपळा असो. ही तिसरी बघा, पांढऱ्या चादरीसमोरच काढलीय, फक्त उजेड हातावरून मोजून, मॅन्युअलवर. भोपळा भोपळ्यासारखा दिसतोय. बाबा, पटत नसेल तर चला, पांढऱ्या पडद्यासमोर तुम्ही बसा. कॅमेरा ऑटोवर, बटण हे शिंपीकाका दाबतील. बघू तुमच्या तेजाचं काय होतं."

तेजोबाबांनी डोळे मिटले. "आज आमचं मौन आहे."

"मग मघापासून बोलत होतं कोण?" शिंप्याने विचारलं.

हशा पिकला. बाबा मागच्या दाराकडे सरकू लागले. काही जणांनी त्यांना घेरलं, काही अजूनही हात जोडून उभे होते. पण स्टुडिओवालीचं लक्ष तिकडे नव्हतं. धाकटी उठली होती. ती सरळ आपल्या भाऊजींपुढे जाऊन उभी राहिली. तो प्रोजेक्टरची वायर हाताला गुंडाळत होता.

"भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?"

तो वायर गुंडाळत राहिला.

"मी डबी उघडत नव्हते, ते तुम्ही बघत होता. एकदा नुसतं 'घे' म्हणाला असतात तरी मी घेतली असती."

"कॅमेरा ऑटोवर होता," तो खाली बघत म्हणाला.

धाकटीने त्याच्याकडे पाठ फिरवली. मग तिने शेजारच्या बाईंकडे पाणी मागितलं, पर्समधून गोळी काढली आणि सगळ्यांसमोर गिळली. तिच्या कपाळावर टाक्यांची खूण ताजी होती.

तपासणीचे फोटो निघायचे त्या बाजूच्या खोलीत जाऊन दोघींनी खिळ्यांना बांधलेली चादर सोडवली. एकीने दोन टोकं धरली, दुसरीने दोन, आणि घडी घातली. ऊन पडल्यावर ती चांगली पांढरी दिसत होती. नवरा दारात आला. त्याने चादर घ्यायला हात पुढे केला. तिने ती त्याच्या हाती दिली नाही. "तुझ्याकडून मी उजेड मोजायला शिकले," ती म्हणाली. बहिणीचा हात धरून ती त्याच्या अंगावरून बाहेर पडली.

तेजोबाबा आता त्या शहरात नाहीत, म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी शहरात आहेत. तिथे कॅमेरा नसेल, दुसरं काही यंत्र असेल, आणि 'यंत्र खोटं बोलत नाही' हे वाक्य मात्र तेच असेल. यंत्र खोटं बोलत नाही हे खरंच आहे. त्याच्यासमोर काय ठेवायचं हे माणूस ठरवतो. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला तर दिपून जाण्याआधी त्याच्या मागे काय लावलंय ते बघा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका. आणि हे कसं झालं, असं माहीतगार माणसाला विचाराल तेव्हा 'समजेपलीकडचं आहे' एवढ्या उत्तरावर त्याला सोडू नका, तो आपल्या घरचा असला तरी.