तिसऱ्या डोसाआधीची तपासणी

कान तपासणं हा माझा धंदा. काचेपलीकडच्या बंद खोलीत माणूस हेडफोन लावून बसतो, मी बारीक-बारीक आवाज सोडते, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं, म्हणजे माझ्यासमोर दिवा लागतो. वीस वर्षं हेच करतेय. पण आता त्या खुर्चीत भिंगरी बसायची.

भिंगरी माझी लेक, सतरा वर्षांची. गुडघ्याजवळच्या हाडात कॅन्सर निघाला. लाखात एखाद्याला होणारा, तो नेमका आमच्याच घरी. प्लॅटिनमचं औषध सुरू झालं. "लोक बोटात घालतात, मला शिरेत घालतायत," ती म्हणायची. दोन डोस झाले, मग ऑपरेशन, पाय वाचला. अजून दोन डोस बाकी होते. हे औषध गाठीबरोबर कानही खातं, म्हणून दर डोसाआधी तपासणी.

तिसऱ्याच्या आधी तिनं प्रत्येक आवाजाला बिनचूक बटण दाबलं. मला हायसं वाटलं. मग लक्षात आलं. ती माझ्या खांद्याकडे टक लावून बघत होती. आवाज सोडताना तो हलत होता, ते बघून ती बटण दाबत होती.

काचेवरचा पडदा ओढून मी पुन्हा सुरुवात केली. खालच्या पट्टीतले आवाज ठीक. वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना दिवा लागेना. आवाज वाढवला, आणखी वाढवला. काही नाही.

दार उघडलं तर ती रडत होती.

"आई, लिहू नकोस ना. औषध बंद करतील."

"अगं, कान जातील तुझे!"

"जाऊ देत. कॅन्सर छातीत पसरला तर काय करू मी?"

इकडे आड, तिकडे विहीर. तपासणीचा खोटा आलेख काढायला दोन मिनिटं पुरली असती. पेन धरून किती वेळ बसले, देव जाणे. शेवटी खरं तेच लिहिलं आणि कागद स्वतः नेऊन दिला.

तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. "ताई, प्लॅटिनम थांबवू. बाकीची औषधं चालू ठेवू."

"पुरेल तेवढं?"

"काढलेल्या गाठीत जवळजवळ सगळं मेलेलं होतं. आशा चांगली आहे. खात्री मात्र देता येत नाही."

घरी आल्यावर भिंगरीनं एकच विचारलं, "मला काही झालं, तर तू खरं लिहिलंस म्हणून होईल का?" मी तिला जवळ घेतलं.

याला दोन वर्षं झाली. ती कानात मशीन घालते, कॉलेजला जाते. दर तीन महिन्यांनी छातीचा स्कॅन असतो. आतापर्यंत सगळे स्वच्छ आलेत. पुढचा गुरुवारी आहे. सोमवारपासून मी रोज रात्री जुने रिपोर्ट काढून पुन्हा वाचते.