वाळूखालचा गाळ

"आबा, या काठ्या आजच्या आज उपटा," ओव्हरसियर म्हणाले. "उद्या साहेब उद्घाटनाला येणार. नव्या वाळूवर ही चिंध्यांची जत्रा कशाला?"

जोतीरामने फसव्या गाळाची खूण म्हणून रोवलेल्या काठीला चिंधीची गाठ मारता मारता मान वर केली. मे महिना. उजनीचं पाणी मागे सरकलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर सरकारच्या किनारा सुधारणेची वाळू ट्रकांनी ओतली होती. धोक्याची पाटीही मंजूर होती. पण मोजणी झाली ती धरण भरलेलं असताना, त्यामुळे पाटी दोन शेतं मागे बाभळींत उभी होती.

"सायेब, वाळू निस्ती वरवर हाय. माजी मेंढरं हितं कधी पाय द्यायची न्हाईत. पंधरा वरसं पाणी पाजलंय म्या."

"मेंढरांच्या अहवालावर सरकारी कामं होत नाहीत, आबा."

बाक बांधणारे गवंडी खिदळले. ओव्हरसियरांनी आवाज खाली आणला. "राखणदार म्हणून कायम करायच्या यादीत तुमचं नाव घातलंय. उद्याचा दिवस नीट जाऊ द्या."

कळप विकल्यापासून जोतीरामला कुणी कामाचा माणूस म्हणत नव्हतं. तो वाकला आणि अकराच्या अकरा काठ्या उपटल्या.

दुसऱ्या दिवशी हार झाले, भाषणं झाली. कन्हेरीचा दत्तोबा काकड्यांची टोपली घेऊन आला होता. गर्दी पांगल्यावर तो पाय धुवायला पाण्याकडे उतरला. आधी गुडघा गेला, मग कंबर. जोतीराम धावला, डोक्याचा पटका सोडून फेकला. टोक दत्तोबाच्या मुठीत आलंही होतं. ओढल्यावर नुसता पटका परत आला.

तिसऱ्या दिवशी तिथल्याच बाकावर चौकशी बसली. "काठ्या नव्हत्याच म्हणा," ओव्हरसियर आधीच कानात सांगून गेले होते. "दोघंही सुटू."

चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "इथं काही खुणा होत्या?"

"व्हत्या. म्या लावल्या, म्याच उपटल्या."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

जोतीरामने ओव्हरसियरांकडे बोट केलं. "ह्येंच्या. पर हात माजंच व्हतं."

बाजूला बसलेल्या बनाबाईने, दत्तोबाच्या बायकोने, पदर तोंडावरून काढला. "खरं आज सुचलं व्हय रं, आबा?"



अहवालात राखणदाराचा हलगर्जीपणा एवढंच आलं. ओव्हरसियरांची बदली पुण्याला झाली. त्यांना ती हवीच होती. जोतीरामला कामावरून काढलं.

"आता कशाला जाताय तितं?" रविवारी त्याच्या बायकोने, म्हाळसाने विचारलं. तो बोडक्या डोक्याने निघाला.

दुपारी एक मोटार आली. बायको-मुलींना वाळूवर उभं करून एका माणसाने कॅमेरा डोळ्याला लावला.

"ओ बाबा, बाजूला व्हा जरा. फोटोत येताय."

"फुडं गाळ हाय."

"अहो, सरकारने केलाय हा किनारा!"

"व्हय," जोतीराम म्हणाला आणि पाण्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून, तिथेच उभा राहिला.

त्या माणसाने थोडा वेळ वाट पाहिली. मग वैतागून सगळ्यांना बाभळींकडे नेलं.