यमाजीआबांची वाट आणि मी

मित्रांनो, मी एक जुना उंदीर आहे. पेठ गावच्या यमाजीआबांची बावन्न मेंढरं विकायची वाचली, ती माझ्यामुळे.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलंच नाही. त्या दिवशी आबा एकटेच गेले, त्यांना कुणीही वाट दाखवली नाही, असं घरात सर्वांसमोर ठरलेलं आहे आणि त्याला माझं पूर्ण अनुमोदन आहे. तेव्हा आपण सुरुवातीपासून सुरुवात करू.

माझं वय दोन वर्षं. या वयात तुमच्यात अंगठा चोखतात, आमच्यात गुडघे दुखतात. माझा जन्म आबांच्या कांद्याच्या चाळीत, पाण्याच्या मोटारीच्या वॉरंटी कार्डात झाला. आम्ही नऊ भावंडं होतो. कार्डाची मुदत आधीच संपली होती, त्यामुळे आमची जबाबदारी कुणी घेतली नाही. लहानपण पोत्यांच्या मागे गेलं. कांदा मला आवडत नाही, पण घर काही आवडीनं मिळत नाही.

एके सकाळी मी पिंजऱ्यात सापडलो. आत भजं होतं. तो पिंजरा आहे हे मला कळलं होतं. पण भजंही कळलं होतं.

"सुप्रे, ह्याला बादलीत बुडीव," तुकाबाई म्हणाल्या. तुकाबाई म्हणजे आबांच्या मालकीण. आणि सुप्रियाताई म्हणजे त्यांची लेक. ती पुण्याच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूवर काम करते आणि तेव्हा रजा काढून घरी आली होती. तिनं मला वर उचललं, डोळ्यांत डोळे घालून पाहिलं आणि म्हणाली, "आई, ह्याला नको बुडवूस. हा मला कामाला लागणार आहे."

मित्रांनो, नोकरी मिळणं इतकं सोपं असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

काम असं होतं. दिवाळीनंतर आबांच्या डोक्यात रक्ताची गुठळी झाली. हात-पाय वाचले, बोलणं वाचलं. बावन्न मेंढरं ते अजून तोंडावरून ओळखत. पण घरापासून वाघरीपर्यंतची वाट पुसली गेली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. ती शेतात, घरापासून पाऊण किलोमीटरवर लावलेली होती. आबा दोनदा चुकले. दुसऱ्या वेळी ते पार नाशिक रस्त्यावरच्या ढाब्यात सापडले. मालकानं विचारलं, "पावणं कुठलं?" आबा म्हणाले, "त्येच आठवाया थांबलोय."

त्यावर आबांच्या थोरल्या लेकानं, दादाभाऊंनी, मेंढरं विकायला बेल्ह्याच्या पप्पू व्यापाऱ्याला फोन लावला. "माझी सातची शिफ्ट असती. आईच्यानं एकटीच्यानं व्हत न्हाई. ज्याला वाघरीपत्तुर जाता येत न्हाई, त्यानं मेंढरं राखायची कशी?"

आबा उठले, दारातल्या काठीला हात लावला आणि कुठल्या बाजूला जायचं ते न कळून तिथंच उभे राहिले. सुप्रियाताईनं ते पाहिलं. "दादा, एकवीस दिवस दे. बाविसाव्या दिवशी आबा घरून एकटे वाघरीत पोचले, तर मेंढरं राहतील."

"आन् न्हाई पोचलं तर?"

"तर टेम्पोत मी चढवीन. माझ्या हातानं."

दादाभाऊंना विश्वास बसावा म्हणून आधी माझी परीक्षा झाली. अंगणात टोमॅटोच्या कॅरेटांचा चक्रव्यूह रचला, शेवटी भाकरीचा तुकडा ठेवला. दादाभाऊंनी मोबाइलवर वेळ लावली. पहिल्या दिवशी मला सोळा मिनिटं लागली. त्यातली सहा मी तोंड धूत होतो. पाचव्या दिवशी बावीस सेकंद लागले.

"आयला," दादाभाऊ म्हणाले. माझं आयुष्यात झालेलं हे पहिलं कौतुक.

मग ताईनं सगळ्यांना समजावलं. मीही कान देऊन ऐकलं, कारण विषय माझ्या डोक्याचा होता. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, आकारानं समुद्रघोड्यासारखा. आमच्या आंबेगाव तालुक्यात समुद्र नाही, तरी प्रत्येकाच्या डोक्यात असे दोन घोडे आहेत. त्यातल्या पेशी जागा ओळखतात. दारापाशी आलं की एक जागी होते, वळणावर आलं की दुसरी. त्या एकामागून एक पुन्हा पुन्हा जाग्या झाल्या की त्यांच्यातले सांधे पक्के होतात. पुण्यातल्या माझ्या पांढऱ्या भाऊबंदांच्या डोक्यात केसाहून बारीक तारा घालून ताईनं हे पाहिलं आहे. ते झोपले की त्याच पेशी त्याच क्रमानं, पण भरभर जाग्या होतात. म्हणजे उंदीर झोपेतही वाट चालतो. जादा कामाचा मोबदला मात्र नाही.

"पायवाटेसारखंच आहे," ताई म्हणाली. "रोज पाय पडले तर वाट रुंदावते. बंद झाले की गवत येतं. आबांची जुनी वाट मोडलीय, पण नवी पाडता येईल. रोज त्याच वेळी, त्याच खुणांनी जायचं. आणि प्रत्येक खूण दुसरीपेक्षा वेगळी दिसली पाहिजे."

खुणा तीन ठरल्या. पहिली फुटका निळा ड्रम. दुसरी वाकडी बाभळ. तिथून डावीकडे वळायचं. तिसरी शेजारच्या कुशाबाईंचा गोठा, ज्याच्या छपरावर उताण्या पडलेल्या टीव्हीच्या डिशमध्ये एक कोंबडी कायम बसलेली असे. तिथून वाघर दिसतेच.

आबांनी एकच अट घातली. माझ्या पिंजऱ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्यो पास झालाय. ह्यो माझ्याबरुबर यील."

त्या दिवसापासून आबांच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात मी. पहिले काही दिवस ताई पुढे चालली, मग मागे, मग फार मागे. आबा चुकत होते. ड्रमपाशी थांबून पुन्हा घराकडे वळत होते. एकदा चिडून त्यांनी काठी फेकली, मग स्वतःच जाऊन आणली आणि म्हणाले, "पयल्यापासनं." रोज पहिल्यापासनं. गोठ्यापाशी पोचलो की खिशातली भाकरी काढून मला तुकडा देत.

"यमाजीभाऊ, उंदीर फिरवाया आनलाय व्हय?" कुशाबाई विचारत.

"न्हाई वं. त्योच मला फिरवतोय."

एकविसाव्या दिवशी आबा एकदाही न अडखळता पोचले. आणि इथेच दादाभाऊंनी घोळ घातला.

मित्रांनो, दादाभाऊंना मनातून मेंढरं विकायची नव्हती. कुणाला न सांगता ते बाविसाव्या दिवशी पहाटे गेरूचा डबा घेऊन निघाले. आपल्या कळपातल्या मेंढरांच्या पाठीवर जसा लाल पट्टा ओढतात, तसा त्यांनी ड्रमावर ओढला आणि बाभळीवरही ओढला. आबा सगळं विसरतील, पण आपली खूण विसरायचे नाहीत, असा त्यांचा हिशेब.

तो बरोबर ठरला. आबा विसरले नाहीत.

सकाळी आम्ही निघालो. मागे कुणी नाही. ड्रमपाशी आबा थबकले. पट्ट्यावरून हात फिरवला. "आरं, ह्यो हितं कसा मागं राह्यला?" त्यांनी ड्रम आडवा केला, काठीनं ढोसला आणि हुर्र हुर्र करत पुढे हाकला. ड्रम रिकामा होता. घरंगळत निघाला. मेंढरू म्हणून त्याची चाल वाईट नव्हती.

बाभळ मात्र हलेना. आबांनी काठीनं डिवचली, चुचकारली, बुंध्याला खांदा लावला. "आजारी हाय जनू," म्हणाले आणि मला खाली ठेवून तिच्याशेजारी बसले. "मेंढरू टाकून म्या जायाचा न्हाई."

लांबून पप्पूच्या टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. आबांनीही ऐकला. कपाळाला आठ्या पडल्या, पण उठले नाहीत. कुठं जायचं होतं तेच त्यांच्या हातून निसटत होतं, मला दिसत होतं.

माझ्या डोक्यातली बाभळीची पेशी मात्र जागी झाली होती आणि तिनं पुढचीला हाक मारली होती: डावीकडे. गोठा. भाकरी. मी पिंजऱ्याच्या डाव्या जाळीवर उडी घेतली. पुन्हा घेतली. नाक फुटलं. पिंजरा कलंडला, तरी मी थांबलो नाही. एका भज्यासाठी आत आलेला प्राणी भाकरीसाठी काय करील याची तुम्हाला कल्पना नाही. आणि खरं सांगायचं तर भाकरीसाठी तितकं नव्हतंच.

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मी जिकडे धडकत होतो तिकडे पाहिलं. "हां. तुला तिकडं खायाला असतंय न्हाई का."

ते उठले. खांद्यावरची घोंगडी काढून बाभळीच्या बुंध्याला गुंडाळली. "थंडी वाजंल तुला. ही म्होरली पोचवतो, मग तुला न्यायाला येतो." मग मला उचललं, ड्रम हाकला आणि डावीकडे वळले.

वाघरीपाशी सगळे उभे होते. पप्पूनं ड्रमाकडे पाहिलं. "बाबा, ड्रम बी विकायचा का?"

"ह्यातलं कायबी विकायचं न्हाई," आबा म्हणाले. "आन् एक बाभळीला राह्यलंय, आजारी हाय. कुनीतरी जा."

दादाभाऊंचं तोंड गेरूसारखं झालं. त्यांनी टेम्पो माघारी पाठवला. मग ड्रम धुऊन जागेवर नेऊन ठेवला, घमेल्यात पाणी आणि काथ्याचा ब्रश घेऊन बाभळीकडे गेले आणि बऱ्याच वेळानं घोंगडी खांद्यावर टाकून परतले. ताईनं माझं फुटलेलं नाक पाहिलं. हळद लावली. मग वहीत लिहिलं: 'आबा पोचले. एकटे.'

आता ताई पुण्याला गेली आहे. आबा रोज जातात. कधी मला न्यायचं विसरतात. तेव्हा मी पिंजऱ्याच्या उघड्या दारात बसून ते परत येईपर्यंत थांबतो. मित्रांनो, वाट एकदा पाठ झाली म्हणजे संपलं असं नसतं. ती रोज चालावी लागते आणि इतरांनी तिच्यावरच्या वस्तू जिथल्या तिथे राहू द्याव्या लागतात. परवा नव्या रस्त्याच्या मोजणीला दोन माणसं टेप घेऊन आली होती. त्यांनी बाभळीवर चुन्याची फुली मारली.

सबब, संबंधित साहेबांच्या सेवेशी सविनय सादर करण्यात येते की, सदर वाटेवरील फुटका निळा ड्रम, वाकडी बाभळ आणि कुशाबाईंच्या छपरावरील उताणी डिश, आतील कोंबडीसह, श्री. यमाजी चालते आहेत तोपर्यंत जागेवरून हलवू नये, रंगवू नये अथवा सुधारू नये. नियोजित रस्ता बाभळीस वळसा घालून नेण्यात यावा. वळसा डावीकडून असावा. अर्जदारास वाट पाठ असून तो प्रत्यक्ष पाहणीसाठी केव्हाही हजर राहण्यास तयार आहे. सोबत अर्धी भाकरी जोडली आहे. अर्ज लिहिण्यास घेतला तेव्हा ती पूर्ण होती. कृपया पोच मिळावी.

आपला विश्वासू,
उंदीर, कांदा चाळ, उत्तरेचा कोपरा